हजेरीसाहेबांची सही

"आधी माणसाला विचारू, मंग कागदाला," असं म्हणत ते चष्मा शर्टाच्या टोकाला पुसायचे. चष्मा आणखीच मळायचा. जालन्याच्या आमच्या बियाणे कारखान्यात ते मनुष्यबळ अधिकारी होते. पाठीमागे आम्ही त्यांना हजेरीसाहेब म्हणायचो. रजा, हजेरी आणि कँटीनच्या पातळ वरणाच्या तक्रारी, एवढंच त्यांचं काम, असा आमचा पक्का समज होता. गुणवत्ता म्हणजे आम्ही, आणि मी तर त्या विभागाचा तपासनीस!

दुपारपर्यंत ते पार थकलेले दिसत. मग पॅकिंगच्या बायकांजवळ रिकाम्या पोत्यांवर येऊन बसत आणि "काय करून राह्यल्या?" म्हणून विचारत. मला हसू यायचं, रागही यायचा. माल सोडून हा माणूस माणसं काय बघत बसतो?

तुम्ही कारखान्यात नोकरी केली असेल, तर ऑडिटच्या आदल्या दिवसाची दुपार तुम्हाला ठाऊक असेल. न झालेल्या प्रशिक्षणांची पानं फिरतात, जेवणाच्या सुट्टीत सह्या होतात. नवं पॅकिंग यंत्र आलं तेव्हाही तेच झालं. यंत्र साफ करायच्या प्रशिक्षणाच्या पानावर बायकांच्या सह्या, शिकवणारा म्हणून माझी, सगळ्यात खाली हजेरीसाहेबांची.

"ऑडिट झालं की खरंच शिकवा बरं," ते म्हणाले.

"बिलकुल," मी म्हणालो आणि विसरून गेलो.

पुढे भोकरदनच्या दुकानदाराची तक्रार आली. मक्याच्या पिशव्यांत सोयाबीनचे दाणे निघाले होते. यंत्रावर रुखसाना आपा होत्या. माल बदलताना त्यांनी यंत्र वरून रिकामं केलं, खालचा कप्पा तसाच राहिला. मी अहवालात लिहिलं, कामगाराचा निष्काळजीपणा. मालक म्हणाले, उद्यापासून बाईला कामावरून बंद करा. आपांच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नव्हतं.

हजेरीसाहेब यंत्राशी गेले.

"आपा, खाली कप्पा हाये, ठाऊक व्हतं का?"

"न्हाई साहेब. कुणी दाखवलाच न्हाई."

मी शेजारीच उभा होतो. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं.

आम्हा दोघांना मालकांनी बोलावलं. "सही आहे ना तिची?" मालकांनी विचारलं.

"पान खोटं आहे. सह्या मी घेतल्या," हजेरीसाहेब म्हणाले. "शिकवायला कुणाला वेळच दिला न्हाई मी. बाईला काढू नका."

आता माझं नाव येणार, असं मला वाटलं. नाव आलं नाही. मीही तोंड उघडलं नाही. आपा राहिल्या, मीही राहिलो. हजेरीसाहेबांना मात्र महिनाअखेर राजीनामा द्यायला सांगितलं. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

शेवटच्या दिवशी ते नवं पान घेऊन पॅकिंगमध्ये आले. "आज शिकवता का?" मी यंत्र उघडून खालचा कप्पा दाखवला, प्रत्येकीकडून तो साफ करून घेतला. ते पोत्यावर बसून ऐकत होते. बायकांच्या सह्या झाल्या, माझी झाली.

"साहेब, त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं," मी म्हणालो.

"हो, पाह्यजे व्हतं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता.

मी पान त्यांच्यापुढे केलं. त्यांनी पेन खिशाला लावलं.

"आता माझी सही चालत न्हाई इथं," ते म्हणाले आणि डबा उचलून गेटकडे चालू लागले.