दोर घरच्यानं धरायचा

बारामतीच्या घरामागचा कडुलिंब काढायचं ठरलं, त्या दिवशी माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, कपाटावरची बॅग खाली काढली.

"झाड पाडा न्हायतर ठेवा. ते पडलं की मी चाललो इंदापूरला, थोरल्याकडं."

लिंब त्यांनीच लावलेला. त्याच्याखाली बाज टाकली की त्यांना बारामती सोसायची. पण बुंधा वाळवीनं आतून पोकळ झाला होता आणि सगळा भार स्वयंपाकघराच्या पत्र्याकडं कलला होता. वळवाच्या वाऱ्यात एक फांदी माझ्या स्कूटरवर पडली. बायको स्कूटरबद्दल अवाक्षर बोलली नाही. "उद्या मी भाकरी थापत असताना पडली म्हणजे?" एवढंच म्हणाली. मी नगरपरिषदेची परवानगी आणली आणि झाडं काढणाऱ्याला बोलावलं.

आबा गेले की तिकडचेच होणार, हे मला ठाऊक होतं. थोरल्याकडं ऊस आहे, गोठा आहे, पारावर बोलायला माणसं आहेत. माझ्याकडं काय, तर मी. पण संध्याकाळी एमआयडीसीतून आल्यावर माझ्या दिवसभराच्या फुशारक्या ऐकून घेणारं या घरात आबांशिवाय दुसरं कुणी नाही.

झाडवाला आला तो करवत-मशीन, दोर आणि एक गडी घेऊन. चढण्याआधी त्यानं दोराचं टोक माझ्या हातात दिलं.

"हे कशाला?"

"दोर वरच्या बेचक्यातनं घ्यायचा, फांदी बांधून कापायची, मग दोरावर हळूहळू खाली सोडायची. दोर घरच्यानं धरायचा, साहेब."

"आणि तुमचा गडी?"

"त्यो खालचा पाला वढंल. आमच्या मान्सानं धरला आन पत्रा फुटला, तर भांडान व्हतं. घरच्यानं फोडला तर कोन कोनाला बोलनार?"

या नियमात मला काही खोट दिसेना. बायकोला दिसली. "अहो, तुम्हाला झेपेल का?" असं तिनं गड्यासमोर विचारलं. त्यामुळे झेपणं भागच पडलं. दोर सुटू नये म्हणून मी तो कमरेला गुंडाळून घेतला.

आबा ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसले होते. झाड पडताना बघायचं नाही, असा त्यांचा पण होता.

वर मशीन घरघरलं, काडकन आवाज झाला आणि फांदी खाली यायला लागली. तिच्या वजनानं मी वर जायला लागलो. माझ्या पोटाकडं बघून कुणाला वाटेल की मी जागचा हलणार नाही. मलाही तसंच वाटलं होतं. चपला जमिनीवर राहिल्या. पत्र्यापासून हातभर अंतरावर फांदी झुलत थांबली आणि मी बुंध्याला पाठ लावून लोंबकळत राहिलो.

"वैनी, साहेबांना धरा आधी!" वरून झाडवाला ओरडला.

"फांदी धरू का यांना?" बायको म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं.

आबांचा पण तिथंच मोडला. ते धोतर सावरत आले, माझे पाय धरून त्यांनी मला खाली ओढलं आणि दोर कमरेवरून सोडवला.

"आरं लेका, बैलासारखं बांधतोस व्हय सोताला? बुंध्याला दोन येढं दे. भार झाडावर जाऊ दे की!"

आबांनी उमेदीची वर्षं इंदापूरकडच्या विहिरींवर यारी चालवली. खोल विहिरीतले दगड त्या यारीनं वर ओढायचे, तेव्हा दोराशी त्यांचा जुना संबंध. बुंध्याला दोन वेढे देऊन त्यांनी फांदी अशी उतरवली की पत्र्यावर पानही पडलं नाही. मग संध्याकाळपर्यंत दोर त्यांच्याच हातात. "सोडतो का?" "सोड!" "आस्सं!" असं त्यांचं आणि झाडवाल्याचं चाललेलं. मी गड्याबरोबर पाला ओढत होतो. तेही नीट ओढत नाही, असं गडी म्हणाला.

शेवटी बुंधाही आडवा झाला. गुडघाभर बुडखा राहिला. "त्यो आमी काढत न्हाय, जेसीबी सांगा," म्हणत झाडवाला लाकडं भरून गेला.

आबा हातपाय धुऊन आले. भरलेली बॅग सकाळपासून दाराशीच होती. मी तिच्याकडं बघायचं टाळलं.

"बुडखा कोन काढनार?" आबांनी विचारलं.

"मी सांगतो ना जेसीबीवाल्याला."

"तू?" त्यांनी माझ्या कमरेवरच्या वळाकडं बघितलं. "तेवढा निघू दे. मग जातो."

त्याला आता बरेच दिवस झाले. मागं सावली नाही, म्हणून आबांची बाज पुढच्या दारी आली. मधूनमधून ते विचारतात, "सांगितलं का रं त्याला?" मी म्हणतो, "सांगितलंय, त्याला सवड नाही." ते म्हणतात, "नसंल." बायकोला बुडख्याची दोनदा ठेच लागली, तरी जेसीबीचं नाव ती काढत नाही.

जेसीबीवाल्याचा नंबर समोरच्या कुंपणाच्या भिंतीवर हातभर आकड्यांत रंगवलेला आहे. बाजेवरून तो नीट समोर येतो. आबांना लांबचं अजून चष्म्याशिवाय दिसतं आणि मोबाइल तर त्यांच्या उशालाच असतो.