अक्कांचं चालणं

कोणतीही नवी वस्तू हातात आली की अक्का आधी ती उलटी करायच्या. पुढून ती कशी दिसते, काय काय करते, हे नंतर. चष्मा कपाळावर सरकवून तिची पाठ नखाने चाचपायच्या आणि वस्तू आणणाऱ्याला विचारायच्या, "स्क्रू कुठे आहे? उघडता येत नाही ती वस्तू आपली नसते. आपण तिचे असतो."

यंत्रांचं वेड असलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण ती बहुधा नवं काही आलं की हरखून जातात. अक्कांचं उलटं होतं. नवं काय आलं हे त्यांना गल्लीत सगळ्यांच्या आधी कळायचं आणि ते का भिकार आहे, हेही.

त्या अमळनेरला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. पुढे निवृत्त झाल्या, यजमान गेले, मुलगा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत लागला. घरात त्या एकट्या, आणि कपाटभर उघडून ठेवलेले रेडिओ, टेप, इस्त्र्या, जुने मोबाइल. मी त्यांच्याकडे पोळ्या आणि केरफरशीला जायची. मला बोलायची लाज आणि त्यांना बोलल्याशिवाय करमायचं नाही, त्यामुळे आमचं जमलं.

मी कणीक मळायला घेतली की त्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून मोबाइलवर बातम्या वाचायच्या. मोठ्याने, आणि मधे मधे बातमीशी भांडत.

"ऐक. आता फोनची घडी घालता येते म्हणे. घडी साडीची घालतात, माय."

"खोक्यात चार्जर देणार नाहीत. का, तर पृथ्वी वाचते. मग फोनच देऊ नका, अजून वाचेल."

"पाठीमागे आणखी एक कॅमेरा लावला. दरवर्षी एक डोळा वाढतो याला. सगळा फोन डोळ्यांचा होईल, कान एकही राहणार नाही. अरे, बोलायला घेतात ना फोन?"

त्यांचं नेहमी बरोबरच असायचं असं नाही. कोपऱ्यावरच्या भाजीवालीने गाडीवर पैसे घ्यायचा तो ठिपक्यांचा कागद लावला, तेव्हा अक्का म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत टिकला तर मला सांग." दिवाळ्या येऊन गेल्या. कागद उन्हाने पिवळा पडला, तिने नवा लावला. अक्का त्या गाडीवर भाजी घ्यायच्या, पण कागदाकडे बघायच्या नाहीत. चांगला चालणारा मिक्सर त्यांनी एकदा उघडला आणि परत बसवल्यावर दोन स्क्रू हातात उरले. "जास्तीचे लावतात हे लोक," म्हणून त्यांनी ते डबीत टाकले. त्यानंतर त्या मिक्सरमधली चटणी थोडी भांड्यात आणि बाकी भिंतीवर असायची.

मुलगा दर दिवाळीला काहीतरी पाठवायचा. एका वर्षी बोलणारा गोल डबा आला. काहीही विचारा, सांगतो. अक्कांनी त्याला खान्देशी भरीत कसं करतात ते विचारलं. डबा गोड आवाजात म्हणाला, वांगं ओव्हनमध्ये ठेवा, टोमॅटो चिरून घाला.

"पऱ्हाटीवर भाजतात की नाही?" अक्कांनी विचारलं. पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, त्यावरच आमच्याकडे वांगं भाजतात.

"हो, तुमचं बरोबर आहे," डबा म्हणाला.

"मग आधी का नाही बोललास?" अक्कांनी वायर काढली. चिडल्या की त्या अहिराणीत यायच्या. "याले काहीच माहीत नही शे. आम्ही एक्स्चेंजले लाइन लागत नसेल तर लागत नाही म्हणायचो. हा माहीत नसलं तरी बोलतोच. असा ऑपरेटर माझ्या हाताखाली असता तर बदली केली असती बोदवडला."

पुढच्या वर्षी केर काढणारी चकती आली. ती गुरगुरत माजघरातून निघाली आणि उंबऱ्याला अडकून जागेवरच फिरत राहिली. मी झाडू घेऊन बाजूला उभी होते. "तुझी नोकरी घ्यायला आली होती," अक्का म्हणाल्या. "उंबरा ओलांडता येईना बिचारीला."

मग अक्का मोरीत घसरल्या. हाड मोडलं नाही, पण गुडघा गेला. मुलगा आला, दवाखाना झाला. जाताना त्याने आईच्या हातात घड्याळ बांधलं.

"यातच सिम आहे, आई. तू पडलीस तर मला कळेल. रोज किती चाललीस तेही माझ्या फोनवर दिसेल. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. चालणं थांबलं की मी गाडी घेऊन येणार आणि तुला पुण्याला नेणार. मग माझं ऐकायचं."

तो वाईट नव्हता. काळजीनेच बोलला. पण तो गेल्यावर अक्कांनी घड्याळ काढून त्याची पाठ नखाने चाचपली. मग म्हणाल्या, "अकराव्या मजल्यावर राहतो तो. तिथे मी नावं कोणाला ठेवू?"

पहिले काही दिवस त्या भिंतीला धरून चालल्या. मग गुडघा सुजला. एका सकाळी त्यांनी घड्याळ काढलं आणि माझे हात पिठात असतानाच ते माझ्या मनगटाला बांधलं.

"चालायचं काम तुझं," त्या म्हणाल्या. "बोलायचं माझं."

तेव्हापासून सकाळी घड्याळ माझ्या हातात आणि संध्याकाळी परत अक्कांच्या उशाशी. मी केर काढायची, गिरणीत जायची, बाजारातून मेथी आणायची, आणि पुण्याला अक्का चालायच्या. मुलगा फोनवर खूश. "आई, काल तर कमाल केलीस." त्या दिवशी मी दोन घरांची धुणी धुतली होती.

फोन ठेवून अक्का हसायच्या, पण हसणं कडू असायचं. "पाहिलंस? हात कोणाचा हे ज्याला कळत नाही, त्याच्यावर माझा मुलगा आईला सोपवून बसलाय."

असं सहा महिने चाललं.

माझ्या भाचीचं लग्न बोदवडला होतं. अक्का म्हणाल्या, घड्याळ ठेवून जा, दोन दिवस आजारी आहे म्हणून सांगेन. पण निघायच्या घाईत ते माझ्या हातातच राहिलं, हिरव्या बांगड्यांच्या मागे. भुसावळ सोडल्यावर गाडीत ते घड्याळ थरथरायला लागलं, आणि मी ते दाबून बंद करायला गेले तर त्यातून मुलाचा आवाज आला.

"आई? आई, तू भुसावळच्या पुढे कशी? कुठे चाललीस?"

डब्यात आमच्याच वऱ्हाडातल्या बाया गाणी म्हणत होत्या. मी हात पदराखाली घेतला. आवाज पदराखालून येत राहिला. "आई, बोल ना. बरी आहेस ना? कोणाबरोबर आहेस?"

शेजारी बसलेली माझी नणंद कान देऊन म्हणाली, "हाई घडी बोली राहिनी का?"

 तिने माझा हात ओढला आणि विहिरीत वाकून ओरडावं तसं घड्याळात सांगितलं, "भाऊ, तुनी माय नही शे अठे. आम्ही बोदवडले लगीनले जाई राहिनूत."

पलीकडून फोन बंद झाला.

लग्न मी कसंबसं पाहिलं. परत आले तेव्हा अक्कांच्या दारात पुण्याची गाडी उभी होती. मुलगा खुर्चीत, अक्का कॉटवर. मी दाराशीच थांबले.

"आई," तो हळू आवाजात म्हणाला, "दारापर्यंत चालून दाखव. बाकी काही विचारत नाही."

अक्का उठल्या. कॉटचा कठडा सोडला, टेबलाची कड धरली. टेबल संपलं तिथे त्यांनी हात पुढे केला आणि तो हवेतच राहिला. मी पुढे झाले तर त्यांनी मला नजरेने मागे सारलं. एक पाऊल टाकलं. दुसरं टाकता आलं नाही. मुलाने उठून धरलं म्हणून पडल्या नाहीत.

"तू मला फसवलंस," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते.

"तुला नाही. घड्याळाला," अक्का म्हणाल्या. "ते यंत्र आहे, त्याला मनगट कळत नाही. तुला तर कळतं ना? सहा महिने माझी पावलं मोजलीस. एकदा येऊन गुडघा पाहिला असतास तर?"

 त्यांना कॉटवर बसवून सुजलेला गुडघा हातात धरून तो खाली बसून राहिला.  मी चहा ठेवायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायचं ठरलं. मी घड्याळ काढून दिलं, तर अक्कांनी ते स्वतःच्या हाताला स्वतः बांधलं. "आता खरं बोलेल बिचारं," म्हणाल्या. कपाटातली यंत्रं भंगारवाल्याने नेली. त्याने एकही उलटं करून पाहिलं नाही.

सुरुवातीला पुण्याहून त्यांचा फोन यायचा. "लिफ्ट बोलते गं इथे. मजला आला की सांगते. डोळ्यांचं काय करायचं मग आपण?" "दाराला कुलूप नाही, अंगठा लावतात. माझा अंगठा झिजलाय, दार घेतच नाही. त्याला मी परकी वाटते. बरोबरच आहे त्याचं." मी इकडे पोळपाट बाजूला ठेवून ऐकायची. भाजीवालीही विचारायची, काय म्हणाल्या अक्का आज? मी सांगितलं की ती हसायची.

मग फोन कमी झाले. परवा मीच लावला. मला फोनवर बोलायचं म्हणजे घाम फुटतो, तरी लावला. त्यांच्या सुनेने उचलला आणि अक्कांना दिला. मी विचारलं, गुडघा कसा आहे. त्या म्हणाल्या, बरा आहे. मी विचारलं, दार अंगठा घेतं का आता.

"घेतं," अक्का म्हणाल्या.

मी विचारलं, नवं काय काय आणलंय घरात.

"आणलंय बरंच. पडदे आपोआप सरकतात. दिवे आपोआप लागतात." त्या थांबल्या. "चांगलं आहे, माय. सगळं चांगलं आहे."

मी फोन ठेवला नाही. पुढे त्या कशालातरी नावं ठेवतील म्हणून कानाला धरून बसले.