दूर्वांवरचे पाय

मागच्या वर्षी सुनेला पाचवा महिना लागला आणि पोट रिकामं झालं. नंतर डॉक्टरीणबाईंनी तिला रोज चालायला सांगितलं. आम्ही राहतो त्या तमिळ गावातल्या रस्त्यावर बस, रिक्षा आणि कुत्री. म्हणून पोंगल, म्हणजे इकडची संक्रांत, झाल्यावर मुलाने घरापुढे गवत लावलं. फोनवर चित्रं बघून त्यानेच निवडलेलं, मऊ, बारीक पात्याचं. सून त्यावर चालू लागली, आणि थोड्याच दिवसांत तिला पुन्हा दिवस राहिले.

चैत्रात ते गवत मधूनमधून पिवळं पडायला लागलं. मुलगा सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचा, तरी पिवळेपणा पसरतच गेला. मी खिडकीतून आधी गवत बघायची, मग सुनेचं तोंड. कोणाला बोलले नाही. बोललं तर खरं होईल असं वाटायचं.

तिसऱ्या महिन्यात आमच्या घरी गर्भ टिकावा म्हणून दूर्वांचा रस उजव्या नाकपुडीत पिळतात. मीच विहिरीजवळच्या दूर्वा खुडून आणल्या, धुतल्या, वाटल्या. पिळताना एक थेंब निसटून तिच्या ओठावर पडला. "आत्याबाई, मला पाजताय की काय?" म्हणून ती हसली. मला हसू आलं नाही.

त्याच आठवड्यात रोपवाटिकेचा माणूस आला. जळकं गवत उपटून त्याने मुलाच्या हातात दिलं.

"सार, हे थंड हवेचं. आपल्या उन्हात कसं टिकेल? इथे अरुगम्पुलच लावा. उन्हाने वाळलं तरी मुळापासून फुटतं, ऐप्पसीतल्या, दिवाळीच्या पावसात दोन दिवस पाण्याखाली राहिलं तरी मरत नाही. तुडवा हवं तेवढं."

दुसऱ्या दिवशी त्या माणसाने पोतं सोडलं तेव्हा मी एक काडी उचलून बघितली. अरुगम्पुल म्हणजे त्या दूर्वाच होत्या. आपण गणपतीला वाहतो त्या. मी वाटून सुनेच्या नाकात पिळल्या त्या. आता तिने त्यांच्यावरच पाय द्यायचा?

"आई, पाणी मारशील ना दुपारी?" मुलाने विचारलं. मी मान हलवली. पाणी मारलंही. मनात त्या उगवू नयेत असं म्हणायची आणि लगेच घाबरून जीभ चावायची, कारण त्या वाळल्या तर तेही वाईटच.

आषाढात अंगण हिरवंगार झालं. सुनेला पाचवा महिना लागला. त्या संध्याकाळी ती चपला काढून पायरी उतरली आणि तिने गवतावर ठेवायला पाय उचलला.

"नको!"

माझा आवाज एवढा मोठा आहे हे मलाच माहीत नव्हतं. शेजारीण कुंपणाशी आली. मला तोंड लपवावंसं वाटलं.

"काय झालं? साप?" सुनेने विचारलं.

"साप नाही. दूर्वा आहेत त्या. पाय नको लावूस. पाचवा लागलाय."

सून माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मग पाय कुठे ठेवू, आत्याबाई? तुमच्या डोक्यावर?"

तिने पदराने डोळे पुसले तेव्हा कळलं की ती चेष्टा नव्हती.

"मला झोप लागत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "रस्त्यावर भीती, जिन्यावर भीती, न्हाणीत भीती. तुम्ही तो रस पिळलात त्या दिवशी तेवढं जरा बरं वाटलं. म्हणून याच गवतावर चालावंसं वाटतं. आता तुम्हीच असं ओरडलात तर मी कुठे जाऊ?"

मी खाली उतरले, वाकून दूर्वांना हात लावला, तो कपाळाला लावला आणि तिचा हात धरला. पावलाखाली पाती गार लागली. अंगावर काटा आला.

आता रोज आम्ही दोघी चालतो. ती समोर बघते. मी खाली, तिच्या पावलांकडे. ती मध्येच थांबली की माझा श्वास थांबतो. पाचवा महिना अजून सरलेला नाही. तिचा हात मात्र मी सोडत नाही.