पाय टेकतात का?

मी मोटारसायकल घेतली तेव्हा तिचं इंजिन कसं आहे, ब्रेक कसे लागतात, हे मला कोणीही विचारलं नाही. सगळ्यांचा प्रश्न एकच, "पाय टेकतात का?" सासूबाईंनी विचारलं, सोसायटीच्या वॉचमनने विचारलं. एमआयडीसीतल्या आमच्या कंपनीत एकाला सायकलही धड चालवता येत नाही, त्यानेही विचारलं. जणू मी गाडी चालवायला नव्हे, तिच्यावर उभं राहायला घेतली होती.

माझी उंची बेताची आणि गाडी स्पोर्टची, म्हणजे सीट उंच, हँडल खाली. दोन्ही पाय सोडले तर नुसते चवडे लागतात. पण दोन्ही सोडायचे कशाला? लग्नाआधी मी बदलापूरच्या पुढच्या आमच्या गावातून वडिलांच्या मोटारसायकलवर दूध घालायला यायचे. दोन्ही बाजूंना किटल्या लटकलेल्या असायच्या. थांबताना सीटवरून डावीकडे सरकायचं, डावा पाय पुरता रोवायचा, उजवा ब्रेकवर ठेवायचा. एका रोवलेल्या पायावर गाडी, किटल्या आणि मी अशा सगळ्या तोलल्या जायचो. दूध कधी सांडलं नाही.

हे सासरी कोण ऐकणार? तिथे माझे धाकटे दीर होते. ताडमाड उंच, चालवतात स्कूटर, सल्ले देतात रेसिंगचे. उंटावरचा शहाणा म्हणतात तो आमच्या घरी, बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात, तिसऱ्या मजल्यावर राहतो.

शोरूमच्या दारात सासूबाईंनी गाडीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. मी सवयीने डावीकडे सरकले, तेवढ्यात दीर ओरडले, "वहिनी, दोन्ही पाय खाली! बॅलन्स जाईल नाहीतर."

सगळे बघत होते. मी दोन्ही पाय खाली घेतले, म्हणजे चवड्यांवर आले. चाक लिंबावर चढलं, लिंबू फुटायच्या ऐवजी सटकलं, हँडल हललं आणि गाडी सावकाश आडवी झाली. नारळापाठोपाठ आरसाही फुटला.

"मी सांगत होतो," दीर म्हणाले.

घरी आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला. "पुन्हा पडली तर चावी याच्याकडे. ज्याला झेपते त्याने चालवावी." नवरा म्हणाला, "बघू." तो आयुष्यभर बघतच आला आहे. गाडी माझ्या नावावर, हौस माझी, आणि ती हातची जायला आता एका लिंबाचं अंतर उरलं होतं.

त्यावर उपायही दिरांनीच काढला. उल्हासनगरला त्यांच्या ओळखीचा सिंधी सीट कव्हरवाला होता. त्याने माझ्याकडे न बघता, दिरांशी बोलून माझी उंची ठरवली. "साईं, टेन्शन मत लो. फोम काट देता हूँ, बाजूवाला पीछे का शॉकर भी नीचे कर देगा. भाभी के दोनों पैर जमीन पे."

मी म्हटलं, "भाऊजी, मागून खाली केली तर वळणार कशी?"

"वहिनी, वळवायची हँडलने. आधी पाय तर टेकू देत."

दोन्ही पाय टेकले. दिरांनी टाळी वाजवली. मग मी गाडी रस्त्यावर घेतली आणि कळलं की थांबण्याची सोय झाली, बाकी सगळ्याची गैरसोय. सीट खाली गेली, पायदान जिथल्या तिथे, त्यामुळे गुडघे थेट पोटाशी. अशी गाडी हँडलने थोडी आणि कमरेने जास्त वळते. वळणाच्या बाजूला अंग टाकावं लागतं. खड्ड्यात बसवलेल्या माणसाने अंग टाकायचं कुठे? त्यात मागचा भाग बसल्यामुळे पुढचं चाक पाय पसरून बसल्यासारखं आणखी पुढे गेलेलं. एमआयडीसीच्या वळणावर मी डावीकडे वळवत होते आणि गाडी समोरच्या टपरीकडे निघाली होती. टपरीवाला चहा गाळायचा थांबला. घाबरले मी, खोटं कशाला सांगू? पण त्याहून राग आला.

आणि स्टँड? गाडी खाली आली, स्टँडची लांबी तेवढीच राहिली. स्टँडवर गाडी डावीकडे रेलायला हवी, ती परेडला उभी असल्यासारखी ताठ राहायला लागली. मी घरात सांगितलं, कोणी धक्का दिला तरी उजवीकडे पडेल. दीर म्हणाले, "स्टँड कंपनीचा आहे वहिनी, तो कसा चुकेल?"

एका सकाळी ती पार्किंगमध्ये पडलेली सापडली. मी तेव्हा वरती पोळ्या लाटत होते.

"पडली ना?" सासूबाई म्हणाल्या. "शब्द म्हणजे शब्द."

चावी दिरांच्या खिशात गेली. मी रिक्षाने कंपनीत जाऊ लागले. ते रोज संध्याकाळी मनगटं चोळत यायचे आणि म्हणायचे, गाडी मस्त आहे, फक्त वळायला जरा आळशी आहे. पडलो तरी नाक वर, दुसरं काय.

मग दिरांसाठी अंबरनाथ पूर्वेला मुलगी बघायला जायचं ठरलं. आम्ही सगळे रिक्षात, नवरदेव मोटारसायकलवर. मुलीकडचे गॅलरीत उभे. दिरांनी गेटात गाडी लावली, हेल्मेट काढून केसांवरून हात फिरवला आणि रुबाबात ते हेल्मेट टाकीवर ठेवलं. तेवढा धक्का पुरला. गाडी उजवीकडे कलली आणि मुलीच्या वडिलांच्या स्कूटरला घेऊन आडवी झाली. दीर दोन हात लांब उभे होते, दोन्ही पाय जमिनीला टेकवून.

गॅलरीत मुलगी तेवढी हसली.

मी सासूबाईंकडे बघितलं आणि दिरांपुढे हात पसरला. "पडली ना, भाऊजी?"

ते आईकडे बघत राहिले. सासूबाई पदर सावरत म्हणाल्या, "देऊन टाक." मला वाटलं होतं त्या काहीतरी पळवाट काढतील. तेवढं मात्र त्यांचं मानलं पाहिजे.

दुसऱ्याच रविवारी मी एकटी उल्हासनगरला गेले. नवा फोम घातला, शॉकर वर करून घेतला. सीटवाल्याने विचारलं, "भाभी, पैर?" मी म्हटलं, "आप सीट देखो." परतताना एमआयडीसीच्या वळणावर कंबर सरकवली आणि गाडी आपसूक आत आली. टपरीवाला चहा गाळतच राहिला. मी हेल्मेटच्या आत मोठ्याने हसले.

लग्न त्याच घरात जमलं, दिरांची स्कूटर हल्ली जाऊबाई नेतात, आणि रिक्षा मिळाली नाही की दीर माझ्या मागे बसतात. स्पोर्ट गाडीची मागची सीट सगळ्यात उंच. सिग्नलला मी थांबले की ते घाईघाईने दोन्ही पाय खाली सोडतात. एवढे उंच, पण पाय हवेतच राहतात.

"वहिनी, टेकला ना पाय?" ते माझा खांदा धरून विचारतात.

"एक टेकलाय," मी सांगते, आणि सिग्नल सुटेपर्यंत त्या एका पायावर त्यांचंही वजन धरून उभी राहते.