भिंतीकडे वळलेले जबडे

बोईसरला आमच्या दंतवैद्यांच्या मागच्या खोलीत जबड्याचे स्प्लिंट बनवणारा एक कारागीर बसतो. तो माणसांकडे बघत नाही, त्यांच्या प्लास्टरच्या जबड्यांशी बोलतो.

माझ्या जबड्याचा सांधा कटकट वाजतो. बोलून बोलून झिजला, असं बायकोचं निदान. ऑपरेशनच्या भीतीनं मी रोज दातांवर स्प्लिंटचं कवच लावून निजतो.

फळीवरचे काही जबडे भिंतीकडे तोंड करून होते.

"हे असे का?" मी विचारलं.

"त्यांना स्प्लिंटनं गुण नाय. सांधाच बदलावा लागंल."

"डॉक्टर म्हणाले?"

"अजून नाय."

परवा त्यानं माझ्या कानापुढे बोट ठेवून मला तोंड उघडायला लावलं. मग प्रथमच माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, तेही मायेनं.

"लावत जा, काका."

त्याच्या मागे, माझं नाव लिहिलेला जबडा आधीच भिंतीकडे वळवलेला होता.