कुरडयांशेजारी वाळत घातलेल्या रेकॉर्डी

माझ्या भावाचा मला राग येतो, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुठे मी समंजस वाटलो, तर तो लिहिण्याचा दोष समजावा.

पुसदला आम्ही दोघं एकाच घरात राहतो, मधे भिंत घालून. बाबा गेले तेव्हा वाटणी झाली आणि ती करायला फुलसावंगीचे मामा आले. घर, भांडी, कपाटं सगळं सरळ वाटलं गेलं. मग बाबांचा रेकॉर्ड प्लेअर आणि रेकॉर्डींचं खोकं पुढे आलं. मामांनी थोडा विचार केला आणि प्लेअरची पेटी मला दिली, रेकॉर्डी दादाला. एकावाचून दुसऱ्याचं चालणार नाही, म्हणजे भाऊ एकमेकांच्या दारात जात राहतील, असं त्यांचं म्हणणं. मामांना आम्ही नीट माहीत नव्हतो. दादाने निरोप धाडला, पेटी आण आणि इथं बसून ऐक. मी निरोप धाडला, खोकं आण आणि इथं बसून ऐक. अकरा वर्षं दोन्ही वस्तू भिंतीच्या आपापल्या बाजूला राहिल्या, आणि आम्ही एकमेकांशी अवाक्षर बोललो नाही.

बाबा लग्नाच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे. वरात असो नाहीतर जयंतीची मिरवणूक, पुढे बाबाच. मिशनच्या दवाखान्यातला एक परदेशी डॉक्टर आपल्या देशी परत जाताना त्यांना ही पेटी आणि दहा रेकॉर्डी देऊन गेला. सगळं जॅझ. घरात कुणाला जॅझ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, बाबांनाही नसावं. पण ते खोलीचं दार लावून रेकॉर्ड लावायचे आणि तिच्यासोबत वाजवत बसायचे. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा आणि बँडात ताशाला होता, म्हणून त्याला आत प्रवेश. तो उशीवर काड्या मारत ठेका धरायचा. मला मनाई. लहानपणी एकदा मी चालू रेकॉर्डवरची सुई ओढली होती, तेवढ्या गुन्ह्यावर मला जन्मठेप झाली.

त्यामुळे मी जे ऐकलं ते दाराबाहेर बसून. एक सुरावट मला तिथेच पाठ झाली. क्लॅरिनेट दोनदा जिना चढल्यासारखी वर जायची, तिसऱ्यांदा निघायची आणि शेवटच्या पायरीच्या आधीच थांबायची. शेवटचा सूर लागायचाच नाही. मी बाहेर श्वास धरून बसायचो. ही सुरावट एका ठरावीक रेकॉर्डवर यायची. तिचा मधला कागद झुरळांनी खाल्ला होता, म्हणून नाव कुणालाच माहीत नव्हतं. बाबा रेकॉर्डीला तवा म्हणायचे, आणि हिला ‘बिनकागदाचा तवा’.

बाबांनंतर दादाने पहिलं काम काय केलं, तर बँडचं सगळं सामान भंगारात घातलं, त्यात बाबांची क्लॅरिनेटही. आणि डीजे आणला. आता त्याच्या गाडीवर स्पीकरचे माणसापेक्षा उंच खोके उभे असतात. ते सुरू झाले की माझ्या भिंतीला हात लावला तरी झिणझिण्या येतात, मांडणीतले पेले आपोआप कडेला सरकतात. बाबा फुंकर मारून माणसं नाचवायचे. हा बटण दाबतो आणि म्हाताऱ्यांच्या छातीत धडकी भरवतो. क्लॅरिनेट भंगारात गेल्याचं मला कळलं त्या दिवशी मी बोलणं टाकलं, आणि त्याचा मला कधी पश्चात्ताप झाला नाही.

मी तेव्हा यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर होतो. यंत्राच्या आवाजात ती सुरावट शिट्टीवर वाजवायचो, रोज. चार वर्षांपूर्वी कारखाना बंद पडला आणि मी पुसदला परतलो. पेटी दुरुस्त केली, नवी सुई बसवली आणि ठरवलं की दादाच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही. तीच रेकॉर्ड बाजारातून शोधायची. नाव माहीत नाही, वादक माहीत नाही, एवढंच माहीत की क्लॅरिनेट आहे. मोबाईलवर शोधून मी जॅझच्या जुन्या रेकॉर्डी मागवत सुटलो. मुंबईहून, कोलकात्याहून, कुठून कुठून कुरिअर येऊ लागले. प्रत्येक पाकीट दारातच फोडायचो, आणि दोन्ही बाजू ऐकून झाल्या की शिवी निघायची.

बायको म्हणाली, “दर आठवड्याले ताट येते घरी, वाढाले काईच नाई त्याच्यात.”

खरं सांगायचं तर निम्म्याहून जास्त रेकॉर्डी मला आवडल्याच नाहीत. लोकांना जॅझचं कौतुक असतं, असो बापडं. मी दर वेळी फक्त तो जिना ऐकू येतो का याची वाट बघायचो. तरी एकेक रेकॉर्ड चार-चार वेळा लावायचो, न जाणो कुठे कानातून निसटलं असेल. गेल्या चार वर्षांत मी क्लॅरिनेट जेवढी ऐकली तेवढी या जिल्ह्यात कुणी ऐकली नसेल. तो जिना मात्र कुठेच नव्हता.

यंदा मे महिन्यात एका सकाळी कूलरमध्ये पाणी भरायला गच्चीवर गेलो. गच्चीलाही आमच्या मधे कमरेएवढी भिंत आहे. पलीकडे वहिनीने जुन्या लुगड्यावर कुरडया घातल्या होत्या. आणि कुरडयांच्या शेजारी, त्याच लुगड्यावर, ओळीने दहा रेकॉर्डी. धुतलेल्या, ओल्या, उन्हात चकाकणाऱ्या. दादा शेजारी काठी घेऊन कावळे हाकत बसला होता.

मी अकरा वर्षांनी भावाशी बोललो ते असं, “अबे, डोकं हाय का खोकं? उन्हात कायले टाकले?”

“वल्ले होते,” तो म्हणाला. “बुरशी आलती. सर्फात धुतले. वाळवाले उन्हातच टाकतेत ना?”

आपल्याकडे मे महिन्यात जे ओलं असेल ते गच्चीवर जातं. कुरडई, पापड, गादी, मिरच्या, तसे हे तवे. काळ्या प्लास्टिकचं यवतमाळच्या उन्हात काय होतं, हा विचार त्याच्या डोक्याला शिवलाही नव्हता. मी भिंत ओलांडेपर्यंत पहिल्या चार रेकॉर्डींच्या कडा वर वळल्या होत्या. एकीची तर अक्षरशः वाटी झाली होती. मी उचलायला गेलो तर त्याने माझा हात धरला.

“ठेव खाली. माह्या वाटणीचे हायेत. नागपूर रोडवरचा हॉटेलवाला येऊन राह्यला आज. भिंतीवर लावाले पाहिजेत त्याले.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. वाजवायला नाहीत, खिळ्याला टांगायला! तंदुरी खाणाऱ्यांच्या डोक्यावर! मी त्याला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. खालून बायको आणि वहिनी दोघी धावत आल्या, तेव्हा आम्ही दोन म्हातारे एकमेकांची गचांडी धरून उभे होतो आणि पायाखाली कुरडयांचा भुगा झाला होता.

हॉटेलवाला दुपारी आला. वाकड्या रेकॉर्डी बघून दादा ओशाळला, पण तो माणूस उलट खूश झाला, अशाच भारी दिसतात म्हणाला. नऊ घेऊन गेला. दहावी त्याने नाकारली, कारण तिच्या मधे रंगीत कागद नव्हता.

संध्याकाळी ती रेकॉर्ड भिंतीवरून माझ्या गच्चीत येऊन पडली. मागून आवाज आला, “घे. याच्याचसाठी मरून राह्यलता ना?”

मी आभार मानले नाहीत.

दुसऱ्या दिवशी खिडकीच्या दोन काचा काढल्या. त्यांच्या मधे रेकॉर्ड ठेवली आणि बरोबर त्याच गच्चीवर, त्याच उन्हात ठेवली. प्लास्टिक मऊ होऊ लागलं की काचांसकट सावलीत आणायची, वर विटा ठेवायच्या आणि गार होऊ द्यायची. असं तीन दुपारी केलं. ज्या उन्हाने वाकवली त्यानेच बऱ्यापैकी सरळ केली. कड थोडी लाटत राहिली, म्हणून सुईच्या डोक्यावर पाचचं नाणं चिकटवलं.

चौथ्या दिवशी रेकॉर्ड लावली. खरखर, मग पियानो, खाली जाड तारेचं घुमणं, आणि ड्रमवर झाडू फिरवल्यासारखा सळसळता आवाज. चाल ओळखीची होती. दाराबाहेरचा गार कोबासुद्धा मला आठवला. आता जिना येणार म्हणून मी श्वास धरला. ती जागा आली. पियानो नुसताच ठेका देत राहिला, आणि जागा निघून गेली. क्लॅरिनेट आलीच नाही. मी सुई मागे घेतली, पुन्हा लावली. बाजू बदलली. पहिली बाजू पुन्हा लावली.

खिडकीला काचा नव्हत्या, त्यामुळे सगळं बाहेर जात होतं. पाचव्यांदा लावली तेव्हा दादा खिडकीत येऊन उभा राहिला.

“काय शोधून राह्यला?”

“क्लारनेट,” मी म्हणालो. “तुनं धुऊन घालवली.”

“त्याच्यात कायची क्लारनेट? तीनच माणसं हायेत त्याच्यात. क्लारनेट तं बाबा वाजवे, वरून. त्याह्यची सोताची होती ते.” तो माझ्या मागच्या कपाटाकडे बघत होता, रेकॉर्डींनी भरलेल्या. “हे सारे त्याच्याचसाठी आणले काय? मले इचारतं ना. मी आतच बसलेला राहो.”

मला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. तो खरं बोलत होता, म्हणून जास्तच.

“मंग सांग कशी होती,” मी म्हणालो. “म्हणून दाखव.”

“मले सूर कुठं येते? मी ताशावाला. आयकलं तं ओळखतो.” त्याने गजाला डोकं टेकवलं. “तूच वाजव. तू तं सारा दिवस शिट्टी वाजवे.”

मी रेकॉर्ड पुन्हा सुरुवातीला लावली. ती जागा आली तसे ओठ मुडपले आणि शिट्टी घातली. दोनदा वर गेलो. तिसऱ्यांदा निघालो, आणि शिट्टी कुठे थांबलीच नाही. सराईतपणे वर चढली, गिरकी घेतली आणि शेवटच्या सुरावर छान जाऊन बसली. कुरिअरने आलेल्या कुठल्यातरी रेकॉर्डवरची चाल होती ती. मी थांबलो, पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तीच आली.

दादा गज धरून डोळे मिटून ऐकत होता. त्याने मान हलवली.

“हे नाई,” तो म्हणाला.