बर्फावर मीठ

गावात मला नावाने कोणी ओळखत नसे. मी 'मलेरिया'. आरोग्य खात्यात लागलो तेव्हा माझं काम एवढंच होतं, घरोघरी जायचं, ताप आलेल्या माणसाच्या बोटाला सुई टोचायची आणि रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा. मी गल्लीत शिरलो की आवाज उठायचा, "अगं, मलेरिया आलाय, पोरं आत घे." पुढे सरकारने विहिरीत औषध टाकण्यापासून लसीकरणापर्यंत सगळी कामं माझ्या गळ्यात अडकवली, पण नाव काही बदललं नाही. लग्नाच्या पत्रिकेवरसुद्धा लिहून यायचं, 'मलेरिया साहेब, सहकुटुंब'. सहकुटुंबातलं कुटुंब त्यावर काय म्हणायचं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नाव बदलणं ही सोपी गोष्ट नाही, हे त्या वर्षांत आमच्या सबंध मराठवाड्याला चांगलंच कळत होतं. विद्यापीठाच्या नावावरून गावोगावच्या भिंती रंगल्या होत्या. त्याच भिंतींवर मोकळी जागा शोधून मला गेरूने लसीकरणाच्या घोषणा लिहाव्या लागत. एका भिंतीवरची जुनी घोषणा कोणीतरी अर्धीच पुसली होती. शेवटचे दोन शब्द तेवढे शिल्लक होते. मी त्यांच्या आधी लिहून टाकलं, 'बाळाचे लसीकरण'. पुढचं 'झालेच पाहिजे' आयतं मिळालं. वरिष्ठांनी ते पाहिलं. पुसाही म्हणाले नाहीत आणि राहू द्याही म्हणाले नाहीत.

तर सरकारने ठरवलं की आम्हाला प्रशिक्षण द्यायचं. पुण्याहून एक साहेब आले. भर उन्हाळा, परभणीचं ऊन, आणि साहेब पहिल्यांदाच या बाजूला आलेले. गाडीतून उतरल्यापासून त्यांनी डोक्यावरचा ओला रुमाल काढला नाही. माझं तर मत आहे की पुढचं सगळं त्या रुमालाने केलं. परभणीत आलेला माणूस उन्हाशिवाय दुसऱ्या कशाला भिऊच शकत नाही. साहेबही उन्हालाच भ्याले, आणि आम्हालाही त्यांनी उन्हालाच भ्यायला शिकवलं.

त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'शीतसाखळी'. आमच्या केंद्राचा शिपाई, ज्याला आम्ही मामा म्हणायचो, खुर्च्या भरायला म्हणून प्रशिक्षणात बसवला होता. त्याने हात वर केला. "साहेब, शीत म्हंजे भाताचं का?"

साहेब हसले आणि म्हणाले, शीत म्हणजे गार. लस कारखान्यातून निघाल्यापासून बाळाच्या मांडीत जाईपर्यंत गार राहिली पाहिजे. एक कडी तुटली की साखळी तुटली. मग त्यांनी आम्हाला ओळीत उभं केलं. एक जण विमान झाला, एक फ्रीज, एक जण एसटी. आमच्या केंद्राची सिस्टर सिस्टरच झाली. बाळ म्हणून मामा मिशांसकट मांडी घालून बसला. आणि लस झालो मी. गावच्या नाटकात मी आजवर स्त्रीपार्टापासून राक्षसापर्यंत सगळं केलं होतं, पण एवढी मोठी भूमिका मला कधी मिळाली नव्हती. विमानाने मला फ्रीजकडे दिलं, फ्रीजने एसटीकडे. एसटीत मी गरम होऊ लागलो. घाम पुसला, खिडकी मागितली, पाणी मागितलं, आणि शेवटी सिस्टरच्या पायाशी असा कोसळलो की चहावाला कप ठेवून धावत आला. टाळ्या पडल्या. साहेब म्हणाले, "यांच्याकडे बघा आणि लक्षात ठेवा. गार ठेवा." सगळ्यांनी म्हटलं, गार ठेवा. सगळ्यांत मोठ्याने बाळ म्हणालं.

तेवढ्यात जेवणाची पानं मांडायला सुरुवात झाली. पुऱ्यांचा वास आला, लोक उठले. साहेब फळा पुसत पुसत म्हणाले, "आणि हो, त्रिगुणी लस गोठूही देऊ नका. गोठली की ती कामातून गेली." हे सिस्टरने ऐकलं, कारण ती पहिल्या रांगेत होती. मी ऐकलं, कारण मी अजून जमिनीवर मेलेला पडलो होतो. मामा तोवर वाढायला गेला होता.

आमचं केंद्र बोरीच्या पलीकडे एका गावात होतं. गावाचं नाव सांगत नाही. दिवाळी जवळ आली की तिथली बरीच घरं ऊस तोडायला जात. नवराबायको, कडेचं पोर आणि भांडीकुंडी ट्रकमध्ये घालून साखर कारखान्याकडे निघायची. म्हातारी माणसं मागे राहायची. ट्रक भरला की पाच-सहा महिने त्या पोरांचं तोंड दिसायचं नाही. म्हणून सिस्टर आणि मी महिनाभर दारोदार फिरून ठरवलं होतं की ट्रक निघायच्या दिवशी सकाळी लसीकरण घ्यायचं. निदान पहिली सुई अंगात घेऊन पोरं जातील.

या जाणाऱ्यांत एक सून होती. तिची पहिली मुलगी मागच्या हंगामात उसाच्या फडावर डांग्या खोकल्याने गेली होती. आता तिच्या कडेवर चार महिन्यांचा मुलगा होता. त्रिगुणी लस याच खोकल्यावर असते, हे मी तिच्या अंगणात खोकण्याची नक्कल करून सांगितलं होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी नक्कल अर्ध्यावर सोडली. ती म्हणाली, "खोकला कसा असतो ते ठाव हाय मला. सुई कवा हाय ते सांगा."

अडचण तिच्या सासूची होती. शेजारच्या एका पोराला सुईची गाठ झाली होती, तेव्हापासून सासूचा सुईवर राग. पुष्कळ विनवण्या केल्यावर ती तयार झाली. "एक डाव बघते. टोचलं अन् बरं निघालं तर पुढं आनीन. पर ओ मलेरिया, खेटे घालायला लावले अन् रिकामं लावून दिलं, तर पुन्ना आमच्या घरचं लेकरू तुमच्या पायरीला लागायचं न्हाई."

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "मावशी, रिकामं कसं लावीन?"

लसीकरणाच्या आदल्या दिवशी वीज गेली. फ्रीज बंद पडला. पण मामा तयारीचा माणूस. तालुक्याला जाऊन त्याने पोत्यात भुसा घालून बर्फाची लादी आणली, फोडली आणि सगळ्या लसी मोठ्या पेटीत बर्फात लावल्या. सिस्टर निश्चिंत घरी गेली.

सकाळी पेटी उघडली तर वाफ निघावी तसा गारवा अंगावर आला. सिस्टरने एक बाटली उचलली. तिच्याबरोबर शेजारच्या दोन उचलल्या गेल्या.

"मामा, बाटल्या चिकटल्या कशा?"

"गारव्यानं," मामा खुशीत म्हणाला. "मीठ मारलंय की बर्फावर. खडेमीठ."

मामाची सासुरवाडी पाथरीकडची. सासरा उरुसात, जत्रेत कुल्फी विकायचा. कुल्फीवाला बर्फात मीठ घालतो, म्हणूनच तर दुधाचा दगड होतो. आपल्या घरातली सगळी विद्या मामाने सरकारी कामाला लावली होती. "नुसत्या बर्फात कायबी न्हाई, सिस्टर. मीठ मारलं का गारवा लय कडक धरतो. सासऱ्याची कुल्फी दोन गावं फिरून येती, पर गळत न्हाई."

सिस्टरने बाटली तळहातात धरून विरघळवली, हलवली आणि खिडकीच्या उजेडात ठेवली. चांगली त्रिगुणी हलवली की ताकासारखी सारखी दिसते. ही दिसेना. वर निवळ पाणी आलं आणि नासलेल्या दुधासारखे कण तळाला बसले. दुसरी बाटली तशीच. सगळ्या तशाच.

"गेली," सिस्टर म्हणाली.

"कोण गेली?"

"लस गेली, मामा. गोठून."

मामाला हे पटेना. "जित्राब गारठून मरतं. औषध कसं मरंल? साहेबच म्हणले, गार ठेवा. मी काय तिला ऊन दाखवलं का?" मग त्याने माझ्याकडे बोट केलं. "हे तर गरम होऊन मेले होते. आपल्या डोळ्यांनी बघितलं मी."

मला हसू आलं, आणि मग खिडकीतून बाहेर दिसलं. लिंबाखाली बायका बसल्या होत्या. गावाच्या कडेला ट्रक उभा होता, त्यावर चुलीचे दगडसुद्धा चढले होते. नवी लस आणायची तर तालुक्याला जायला हवं होतं, आणि त्या दिवशी नेमका बंद. एसटी निघाली नव्हती, फाट्यावर रस्त्यात दगड टाकले होते. मुकादमाचा ट्रक आडवाटेने जाणार होता, त्याला कोण अडवतो. हैदराबादेकडची माणसं आम्हाला चिडवायला म्हणायची, बनी तो बनी, नहीं तो परभणी. त्या सकाळी आमचं काहीच बनेना.

पोलिओचे थेंब मात्र शाबूत होते. ते गोठून बिघडत नाहीत. सिस्टर म्हणाली, थेंब देऊ आणि खरं ते सांगू. घाई होती म्हणून पहिली ती सूनच आत आली. सासू बाहेर पायरीजवळ उभी राहिली, डोक्यावर सुनेचं गाठोडं घेऊन.

सिस्टरने पोराला थेंब पाजले आणि तिला सांगितलं. ती ऐकत राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, कायबी टोचा."

"काय टोचू? औषध बिघडलंय."

"पानी टोचा. नुसती सुई टोचा. तशीच भाएर गेले तर म्हातारी आयुष्यात पुन्ना येऊ देयाची न्हाई. हे लेकरू परत आल्यावर तरी टोचायचं हाय ना मला."

सिस्टरने मान हलवली. "खोटी सुई माझ्या हातून व्हायची नाही. तुलाच मग वाटेल, टोचलंय, आता काही होत नाही."

"मला कशाला वाटंल? मला तर ठाव हाय."

तरी सिस्टरने सुई उचलली नाही. सून माझ्याकडे वळली. "तुमी तर नाटकं करता. तुमी सांगा की काईतरी."

जन्मभर ज्याच्या त्याच्यापुढे सोंगं केली. ज्या दिवशी कोणी खरोखर मागितलं, त्या दिवशी मी खांबासारखा उभा राहिलो. ट्रकचा भोंगा वाजला.

मग तिने आमची वाट पाहणं सोडलं. टेबलावरचा कापसाचा एक बोळा उचलला. पोराच्या मांडीवर दाबला. दाराशी गेली, पदर नीट केला आणि पोराला असा करकचून चिमटा काढला की त्याच्या रडण्याने लिंबावरचे कावळे उठले. बोळा धरूनच ती बाहेर पडली.

"टोचलं का?" सासूने विचारलं.

"रडायलाय, दिसंना का?"

सासूने नातवाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. दोघी ट्रककडे गेल्या. आम्ही तिघं दारात होतो. मी आयुष्यात पाहिलेलं ते सगळ्यांत चोख नाटक, आणि त्याला टाळी वाजवायची सोय नव्हती.

राहिलेल्या बायकांना आम्ही खरं ते सांगितलं. त्यांनी मुकाट्याने थेंब घेतले आणि संध्याकाळपर्यंत गावात बोंब झाली. सासूनेच केली. "आमच्या नातवाला पयली भेटली अन् तीच शेवटची. बाकीच्यांची नासली." सिस्टरने तोंड पाहून लस दिली असं गाव म्हणू लागलं. तिच्या अंगणात एक बाई येऊन सुनावून गेली, "त्यांच्या लेकराला चांगली अन् आमच्याला पानी?" आम्हाला काही बोलता येईना. बोललो असतो तर म्हातारीने नातवाला पुन्हा आणलं नसतं.

पुढच्या महिन्यात चांगली लस आली. सासू स्वतःहून पुतण्याचं पोर घेऊन आली आणि ओळीत उभ्या बायकांना सांगू लागली, "भिऊ नका. बाईचा हात लय हलका. आमच्या नातवाला टोचलं तर ट्रकात बसेस्तोर नुसती एक लाल चिमटी, बाकी काय न्हाई." सिस्टर खाली मान घालून सुया उकळत राहिली. त्या पोराला रात्री ताप भरला, जो त्रिगुणीने भरतोच. दुसऱ्या दिवशी म्हातारी भांडायला हजर. "आता का ताप यायलाय? हात बिघडला का बाईचा?"

थंडीत फडावरून कोणीतरी माणूस आला. तिकडे पाचटाच्या कोप्यांमध्ये लेकरांना खोकला लागलाय, असं सांगून गेला. म्हातारी त्याच दुपारी केंद्रात आली. या वेळी भांडायला नाही. पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "मलेरिया, एकच टोचलं होतं आमच्याला. ते एक पुरंल ना ओ?"

मी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टरने फ्रीजकडे पाहिलं. मामा बाहेर झाडायला निघून गेला. मी म्हणालो, "मावशी, लेकरू चिवट आहे तुमचं." हे बोलल्यावर तिला बरं वाटलं, याचंच मला वाईट वाटलं. सबंध हंगाम मी ट्रकचा आवाज आला की फाट्याकडे पाहायचो.

चैत्रात ट्रक आला. शेजारच्या कोपीतलं एक पोर परत आलं नाही. सुनेचं आलं. वाळलेलं, मान बारीक, डोळे मोठे, खोकून खोकून घसा बसलेला, पण आलं. का आलं, हे पुण्याच्या साहेबालाही सांगता आलं नसतं.

ती गाठोडंसुद्धा न सोडता केंद्रावर आली. सासू बाहेर पायरीशी थांबली. सिस्टरने बाटली हलवली, उजेडात धरली, तिलाही दाखवली. सारखी, ताकासारखी. सून म्हणाली, "आता खरंखुरं टोचा."

पोर रडलं, पण बसल्या घशाने, कुरकुरल्यासारखं. बाहेरून सासूचा आवाज आला.

"मागच्या खेपंला जास्ती रडलं होतं."